मागितले १००, ठरले ८४ : भाड्याच्या इमारतीचा एक सौदा

हे प्रकरण एका बहीण-भावाचं आहे. भाड्याचं उत्पन्न मिळावं म्हणून दोघांनी मिळून चार सदनिकांची एक जुनी दुमजली इमारत घेतली. पहिल्या भेटीपासून किंमत ठरेपर्यंत ३१ आठवडे गेले. त्या काळात हिशोब तपासायला मी त्यांच्याबरोबर होते आणि दोन बैठकांना हजरही होते. ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत. रकमा दिलेल्या नाहीत. मालकांनी मागितलेली किंमत १०० धरली आहे आणि बाकीचे आकडे त्या १००च्या प्रमाणात आहेत.

पार्श्वभूमी

थोरली बहीण नोकरी करते, हिशोबाला पक्की आणि निर्णयाला सावकाश. धाकट्या भावाचा छोटा धंदा आहे. त्याची माणसांशी पटकन गट्टी जमते, पण थांबणं त्याच्या जिवावर येतं. तो तिला ताई म्हणतो, म्हणून इथेही ताईच म्हणते. निम्मे पैसे दोघांच्या बचतीतले होते आणि निम्मं कर्ज. कर्ज ५ टक्क्यांनी मिळणार होतं. बचत मुदत ठेवीत ३.५ टक्क्यांवर होती.

इमारतीचे मालक निवृत्त गृहस्थ. पत्नी गेल्यापासून एकटे. चारपैकी एका सदनिकेत स्वतः राहायचे आणि तीन भाड्याने दिलेल्या. इमारत १९ वर्षं त्यांच्याकडे होती. मुलीजवळ राहायला जायचं म्हणून विकायला काढली होती. बहीण-भाऊ पाहायला गेले तेव्हा जाहिरात लागून ५ महिने झाले होते आणि किंमत एकदाही उतरली नव्हती. त्याचं कारण पुढे कळलं. दोन वर्षांपूर्वी एकाने ९६ देऊ केले होते आणि मालकांनी ते नाकारले होते. आता त्याहून कमी घेणं म्हणजे तेव्हाचा नकार चुकला असं स्वतःशी कबूल करणं. विकणाऱ्याच्या मनात असा एक जुना आकडा बहुतेक वेळा असतोच. बोस्टनमधल्या सदनिकांच्या विक्रीचा जेनेसोव्ह आणि मेयर यांनी केलेला अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला. ज्यांना खरेदीच्या किमतीखाली विकावं लागणार होतं, ते मालक किंमत चढी लावत आणि त्यांची घरं जास्त दिवस पडून राहत, असं त्यात दिसलं. इथे खरेदीच्या किमतीची जागा नाकारलेल्या बोलीने घेतली होती, एवढाच फरक.

अडचण

एजंटने दिलेल्या कागदावर परतावा ७.२ टक्के लिहिला होता. तो आकडा खोटा नव्हता, पण खर्चाआधीचा होता. चारही सदनिका भाड्याने गेल्या तर वर्षाचं भाडं ७.२. त्यातून रिकामे महिने आणि थकबाकी यांसाठी ०.५ बाजूला काढायचे. देखभाल, कर, विमा, साफसफाई आणि किरकोळ दुरुस्त्या मिळून १.९. हाती राहतात ४.८.

कर्जच ५ टक्क्यांचं असताना ४.८ टक्के देणारी इमारत १००ला घेतली, तर कर्जाने घातलेल्या पैशांवर व्याजाइतकाही परतावा सुटणार नाही. ताईने ठरवलं की निव्वळ परतावा निदान ५.२ टक्के हवा. ४.८ला ०.०५२ने भागलं की ९२.३ येतात. पण ही झाली एकूण गुंतवायची रक्कम. छताच्या गळतीचं काम अंदाजे ३.५, आणि नोंदणी, वकील वगैरे खरेदीचा खर्च २.८. ते वजा केल्यावर मालकांच्या हाती द्यायची कमाल किंमत आली ८६.

ताईने हा आकडा कागदावर लिहिला, खाली दोघांनी सही केली. त्या वेळी मला हे जरा जास्तच औपचारिक वाटलं होतं. पुढे त्या सहीनेच दोनदा वाचवलं.

भावाला मात्र ८६ पटत नव्हता. त्याच्या डोक्यात १०० बसला होता, त्यामुळे ९४ त्याला स्वस्त वाटत होते. ही त्याची एकट्याची गोष्ट नाही. नॉर्थक्राफ्ट आणि नील या संशोधकांनी अमेरिकेतल्या ट्यूसनमध्ये केलेला एक प्रयोग १९८७ साली प्रसिद्ध झाला. एकाच घराची माहिती वेगवेगळ्या गटांना दिली आणि बदलली ती फक्त मागितलेली किंमत. विद्यार्थी तर सोडाच, मुरलेल्या एजंटांनी काढलेलं मोलही त्या किमतीमागे सरकलं. बहुतेक एजंटांचं म्हणणं मात्र असं की मागितलेल्या किमतीचा विचार आपण केलाच नाही.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय भावाचा: ९४-९५ला पटकन मिटवायचं, भाडी पुढे वाढतील. भाडी वाढतीलही, पण न वाढलेल्या भाड्याचे पैसे आजच विकणाऱ्याला देण्यासारखं हे होतं. दुसरा पर्याय एका ओळखीच्या माणसाने सुचवला: ७०ची बोली लावा, म्हणजे ओढाताण होऊन ८५ला याल. ताईने तो लगेच बाजूला ठेवला. ज्या घरात माणसाने १९ वर्षं काढली, त्याला तोंडाला येईल तो आकडा सांगितला की तो पुढचं ऐकून घेत नाही. तिसरा पर्याय म्हणजे नाद सोडायचा.

चौथा पर्याय निवडला गेला. हिशोब दाखवून कमी पण समजण्यासारखी बोली लावायची, उत्तर येईपर्यंत स्वतःच स्वतःवर चढवायची नाही, आणि तोवर दुसरी मालमत्ता शोधत राहायची. शेवटचा भाग सोपा वाटतो, पण लोक नेमका तोच सोडून देतात. एका घरात जीव गुंतला की बाकीची पाहणं थांबतं, आणि मग थांबून राहण्यात काही जोर उरत नाही. या दोघांनी त्या काळात आणखी ९ मालमत्ता पाहिल्या. त्यातली दोन सदनिकांची एक लहान इमारत हिशोबात जवळपास बसत होती. ती त्यांनी शेवटपर्यंत डोळ्यासमोर ठेवली.

काय घडलं

पहिली बोली ८०ची. पत्राला एक पान हिशोब जोडला: भाडं किती, खर्च किती, छताचा अंदाज किती. तीन दिवसांत एजंटमार्फत उत्तर आलं. मालक दुखावले होते. “माझ्या घराची किंमत भाड्याच्या वहीतून काढता का?” असं म्हणाले आणि ९८वर आले.

एजंट लगेच म्हणाला, “अर्धं तुम्ही चढा, अर्धं ते उतरतील. ८९ला मिटवून टाकू.” हा निर्णयाचा पहिला क्षण. मधला आकडा कानाला फार न्याय्य वाटतो. पण तो न्यायाने ठरत नाही, दोन्ही बाजूंनी सुरुवात कुठून केली त्याने ठरतो. १००च्या जागी ११० मागितले असते तर मधलाही वर सरकला असता. ताईने उत्तर दिलं की आमच्या हिशोबात काही चूक असेल तर दाखवा, आम्ही बोली बदलू. चूक कोणी दाखवली नाही. पुढे चार आठवडे शांतता.

त्या शांततेत भावाचा धीर सुटला. सहाव्या आठवड्यात एजंटशी फोनवर बोलताना तो म्हणून गेला, “तसं आम्ही ८५पर्यंत येऊ शकतो, पण ताईला सांगू नका.” ताईला कोणी सांगितलं नाही, मालकांना मात्र सांगितलं गेलं. तीन दिवसांनी निरोप आला: तुम्ही ८५ देताच आहात, मालक ९३वर आले आहेत, तर ८९ला मिटवू. मधला आकडा पुन्हा ८९च. फरक इतकाच की बहीण-भावाची तयारी कुठवर आहे ते आता सगळ्यांना ठाऊक झालं होतं.

या एजंटला दोष द्यावा असं मला वाटत नाही. त्याची दलाली सौदा झाला तरच मिळते. किंमत चार-पाच अंशांनी वर-खाली झाली तर त्याच्या वाट्याला फारसा फरक पडत नाही, सौदा लांबला तर मात्र पडतो. म्हणून तो दोन्हीकडे “मिटवा” म्हणतो. लेव्हिट आणि सिव्हर्सन यांच्या २००८च्या अभ्यासात अमेरिकेतल्या एजंटांनी स्वतःची घरं सरासरी सुमारे ३.७ टक्के जास्त किमतीला विकली होती, आणि ती साडेनऊ दिवस जास्त बाजारात ठेवली होती. स्वतःचं घर असेल तर थांबणं त्यांनाही परवडतं. एजंटला सांगितलेली गोष्ट समोरच्याला सांगितली असं धरूनच बोलावं.

भावाने ताईला स्वतः जाऊन सांगितलं, हे त्याचं मोठेपण. ती रागावली, पण भांडण वाढवलं नाही. दुसऱ्या दिवशी एजंटला पत्र गेलं: आमचा प्रस्ताव ८०चाच आहे, इमारतीची तपासणी झाल्यावर त्यावर पुन्हा विचार करू, आणि यापुढे आमचा आकडा फक्त लेखी आणि दोघांच्या सहीने येईल.

तपासणी नवव्या आठवड्यात झाली. छताचा अंदाज बरोबर निघाला. पण भिंतीतून जाणारा सांडपाण्याचा जुना लोखंडी नळ गंजून पातळ झाला होता. तो बदलायला आणखी १.५. म्हणजे कमाल किंमत ८६वरून ८४.५वर आली. ताईने अहवालाची पूर्ण प्रत मालकांना पाठवली, फक्त वाईट पानं निवडून नाही, आणि बोली ८२ केली. कमाल किंमत उतरलेली असताना बोली चढवायची का, यावर आमचा बराच वाद झाला. मी नको म्हणत होते. तिचं म्हणणं असं की मालक १००वरून ९३वर आले आहेत, आपण जागचे हललोच नाही तर ते हा संवाद नाही, हट्ट समजतील. आज मला तिचंच बरोबर वाटतं. मालकांचं उत्तर आलं: ९२, शेवटचे.

बाराव्या आठवड्यात रात्री एजंटचा फोन. दुसरा खरेदीदार ९१ द्यायला तयार आहे, परवा संध्याकाळपर्यंत तुम्ही ९१ला या, नाहीतर गेलं. असा दुसरा खरेदीदार कधी खरा असतो, कधी फक्त फोनवरचा. ते तपासायला मार्ग नव्हता, आणि तपासून उपयोगही नव्हता, कारण तो खरा असला तरी इमारत ४.८च देणार होती.

भाऊ म्हणाला, “ताई, तीन महिने घातले आपण यात.”

“म्हणून आता साडेसहा जास्तीचे घालायचे?” असं म्हणत तिने सहीचा कागद काढला. दोघांनी तो पुन्हा वाचला. रात्री उशिरापर्यंत बोलणं चाललं. शेवटी सोडून द्यायचं ठरलं, आणि ते सोपं नव्हतं. भाऊ दोन दिवस कोणाशी धड बोलला नाही.

सोडताना ताईने मालकांना एक छोटं पत्र लिहिलं. तुम्हाला चांगली किंमत मिळतेय याचा आनंद आहे. ९१ आमच्या हिशोबात बसत नाही एवढंच कारण, घराबद्दल काही तक्रार नाही. काही कारणाने तो व्यवहार पुढे गेला नाही, तर आमचा ८२चा प्रस्ताव आहे तसा राहील.

पुढचे १४ आठवडे काहीच घडलं नाही. दुसऱ्या लहान इमारतीची कागदपत्रं बघायला त्यांनी सुरुवात केली होती.

दुसरा खरेदीदार खराच होता. त्याच्या बँकेच्या मूल्यांकनात इमारतीचं मोल ९१पेक्षा बरंच कमी आलं, तेवढं कर्ज कमी मंजूर झालं, आणि फरक भरायला त्याच्याकडे पैसे नव्हते. इथे या दोघांना नशिबाने साथ दिली, हे स्पष्ट लिहिलं पाहिजे. त्या माणसाकडे रोख असती तर इमारत गेली असती, आणि मग यांनी बहुधा ती लहान इमारत घेतली असती.

सत्ताविसाव्या आठवड्यात एजंटचा फोन आला. आता मालक अडचणीत आहेत हे उघड होतं. भाऊ म्हणाला, ७८पर्यंत उतरू. ताई म्हणाली, “८२ राहील असं लिहून दिलंय आपण.” तिथे विषय संपला. मला यात नुसता सज्जनपणा दिसत नाही. शब्द फिरवला असता तर पुढच्या बैठकीत मालक जे मोकळेपणाने बोलले, ते बोलले नसते.

ती बैठक एकोणतिसाव्या आठवड्यात मालकांच्या घरी झाली. एजंटही होता. मालकांना ते पहिल्यांदाच निवांत भेटत होते. मालकांनी ताईचं पत्र कपाटातून काढून टेबलावर ठेवलं होतं. इकडचं तिकडचं बोलणं झाल्यावर ताईने सहज विचारलं, “काका, तुम्हाला इथून निघायचंय कधी?”

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “हे मला कोणी विचारलंच नाही, बाळ.”

मुलीजवळ त्यांनी घेतलेलं घर तयार व्हायला अजून सहा महिने होते. आधीच्या खरेदीदाराला ३० दिवसांत ताबा हवा होता. म्हणजे मधल्या काळासाठी भाड्याचं घर शोधायचं आणि त्या वयात सामान दोनदा हलवायचं. त्या सगळ्याची धास्ती म्हणून त्यांनी मनाशी अडीच-तीन जास्तीचे धरले होते आणि किंमत सोडत नव्हते.

ताईने तिथल्या तिथे कागदावर मांडलं. एका सदनिकेचं सहा महिन्यांचं भाडं ०.९. मालकांना मात्र त्याच सहा महिन्यांचं मोल अडीच-तीन होतं. खरेदी झाल्यावर सहा महिने त्यांनी आपल्याच सदनिकेत भाडं न देता राहायचं, असं लेखी ठरलं. वरच्या मजल्यावरच्या एका भाडेकरूचा करार संपून सगळं तोंडी चाललं होतं, तो मालकांनी सौद्याआधी लेखी नवा करून द्यायचा, हेही ठरलं. त्यानंतर किंमतीवर अर्धा तासही गेला नाही. एकतिसाव्या आठवड्यात ८४ला विसार दिला. एजंटची दलाली ठरल्याप्रमाणे पूर्ण दिली.

८४ आणि ०.९ मिळून ८४.९ होतात, म्हणजे तपासणीनंतरच्या ८४.५ या मर्यादेपेक्षा ०.४ जास्त. ताईने ते मुद्दाम लिहून ठेवलं, आणि पुढे कारण लिहिलं: भाडेकरूचा लेखी करार.

निकाल

छत आणि नळ यांचं काम ५ धरलं होतं, झालं ५.४ला. एकूण गुंतले ९३.१ : किंमत ८४, खरेदीचा खर्च २.८, दुरुस्ती ५.४ आणि सोडलेलं भाडं ०.९. दुसऱ्या वर्षी, चारही सदनिका भाड्याने गेल्यावर, निव्वळ हाती आले ४.७. म्हणजे ५ टक्क्यांच्या किंचित वर. ठरवलेले ५.२ मिळाले नाहीत, पण कर्जाचा दर भागतो. हीच इमारत ९१ला घेतली असती तर गुंतले असते ९९.२ आणि परतावा पडला असता ४.७ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे दरवर्षी कर्जाच्या दराखाली.

थांबण्याचीही किंमत असते, ती सहसा कोणी मांडत नाही. सात महिने भाडं बुडालं हे खरं. पण त्याच काळात बचतीवर व्याज मिळत होतं आणि कर्जाचं व्याज सुरू झालं नव्हतं. साधारण ४५ बचतीचे आणि ४५ कर्जाचे धरले, तर वर्षाला एकीकडे ३.८ वाचत होते आणि दुसरीकडे ४.८ बुडत होते. वर्षाचा फरक १च्या आसपास, सात महिन्यांचा जेमतेम ०.६. भाडं जास्त असतं किंवा कर्ज स्वस्त असतं, तर हाच धीर महागात गेला असता. आपल्या प्रकरणात हा आकडा आधी काढावा आणि मगच किती दिवस थांबायचं ते ठरवावं.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात आधी, निघायच्या तारखेचा प्रश्न. तो पहिल्या भेटीत विचारायला हवा होता. तेव्हा मालकांचं नवं घर तयार व्हायला वर्षाहून जास्त अवधी होता, त्यामुळे सहा महिन्यांची सवलत पुरली नसती आणि वेगळी काहीतरी व्यवस्था करावी लागली असती. तरी ९८ आणि ८० यांच्यामध्ये नेमकं काय अडलंय हे कळलं असतं. आम्ही तिघंही इतके दिवस मालक भावनेपोटी अडून बसलेत असं समजत होतो. खरं तर त्यांचाही हिशोब होता, आम्ही तो पाहिलाच नव्हता.

दुसरं, एजंटशी कोण बोलणार हे पहिल्या दिवशी ठरायला हवं होतं. भावाकडून निसटलेल्या ८५ची किंमत नक्की सांगता येत नाही, पण मालक ८४च्या खाली का आले नाहीत याचं ते एक कारण असावं.

तिसरं, दुरुस्तीच्या अंदाजात थोडी जास्त जागा ठेवायला हवी होती. भिंतीतले नळ उघडल्याशिवाय दिसत नाहीत. ०.४ने चुकलेला अंदाज आणि ०.४ने ओलांडलेली मर्यादा, दोन्ही मिळून ५.२ला कमी पडलेला थोडा फरक तिथे गेला; बाकीचा, निव्वळ हाती ४.८ऐवजी ४.७ आले म्हणून.

आणि १००चा आकडा. पुढच्या वेळी भाडं आणि खर्च यांवरून आपली किंमत काढून होईपर्यंत मागितलेली किंमत भावाला सांगायची नाही, असं दोघांनी ठरवलंय. दुसऱ्या मालमत्तेसाठी ताईने केलेला कोरा तक्ता मी पाहिला. पहिल्या ओळीत लिहिलंय: मालकांना कधी निघायचंय? मागितलेल्या किमतीचा रकाना शेवटच्या पानावर आहे.